विरजण आणि विषाणू

आमच्या वसईच्या घरी दही लावण्याचे काम आजीकडे असे, आणि त्यातला तिचा शिरस्ता कधी मोडला नाही: दूध तापवायचे, बुडवलेल्या करंगळीला सोसवेल इतके निवू द्यायचे, चमचाभर विरजण घालून हलक्या हाताने ढवळायचे आणि गाडगे चुलीच्या वैलाजवळ झाकून ठेवायचे. वर्षातून एकदोन वेळा, बहुधा श्रावणाच्या आगेमागे, त्या दह्याला तार येई. चमचा वर उचलला की ते लाळेसारखे ओघळत राही आणि वासही निराळाच येई. आजी मग ते दही म्हशीच्या आंबोणात ओतून टाकी, गाडगे घासून उन्हात पालथे घाली आणि मला वाटी देऊन शेजारच्या वाडीत धाडी. "काकूंकडून विरजण आण, आपलं बिघडलंय." दूध बिघडले असे ती कधीच म्हणत नसे, गाडग्यालाही दोष देत नसे. दूध तेच, गाडगे तेच. त्यात नांदणारी वस्ती बदलली आहे, हे तिला सूक्ष्मदर्शकावाचून ठाऊक होते.

ही आठवण सांगण्याचे कारण असे की, ज्या विषयाकडे मी वळणार आहे तो आपल्याकडे अद्याप माजघरातच, तोही कुजबुजत, बोलला जातो; आणि त्याचे मर्म समजण्यास त्या तार आलेल्या दह्याइतके सोपे उदाहरण मला दुसरे सापडत नाही. स्त्रीच्या योनीमार्गातही जीवाणूंची एक वस्ती नांदत असते. ती वस्ती कोणाची आहे यावर एका विषाणूचा शरीरातला मुक्काम किती काळ टिकेल हे काही अंशी अवलंबून असते, आणि त्या मुक्कामाच्या लांबीवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची, ज्याला आपल्या बायका 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात त्याची, शक्यता ठरते.

या वस्तीचा पहिला पद्धतशीर शोध १८९२ साली अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रसिद्ध केला. तो बाळंतज्वराच्या कारणांचा मागोवा घेत होता. निरोगी स्त्रियांच्या स्रावात त्याला काठीच्या आकाराचे, आम्ल निर्माण करणारे जीवाणू विपुल आढळले, आणि जेथे ते आहेत तेथे घातक जंतूंचे फावत नाही असे त्याच्या ध्यानात आले. पुढे हे जीवाणू लॅक्टोबॅसिलस कुळातले ठरले. म्हणजे दह्याच्या जीवाणूंचे भाऊबंद, पण सख्खे नव्हेत, हे वाचकांनी आताच ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. मुलगी वयात आली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या अंमलाखाली योनीमार्गाचे अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशींत ग्लायकोजेन नावाचा पिठूळ पदार्थ साठतो. त्या पेशी झडल्या की शरीरातलीच विकरे त्या पदार्थाचे लहान शर्करांत तुकडे करतात, आणि लॅक्टोबॅसिलस त्यांवर पोसून लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. या आम्लामुळे तेथील पीएच ४.५ च्या खाली राहतो. रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि या मापात एका अंकाचा फरक म्हणजे दहापटीचा फरक, तेव्हा ती जागा रक्ताहून सुमारे हजारपट आंबट असते असे म्हणण्यास हरकत नाही.

वसईत वाढलेल्या माणसाला येथे किल्ल्याची, तटाची आणि पहारेकऱ्यांची उपमा सुचणे स्वाभाविक आहे, आणि आरोग्याच्या पुस्तिकांतून ती इतकी वापरली गेली आहे की त्या बिचाऱ्या जीवाणूंच्या हाती भाले दिसू लागावेत. मला ती उपमा पटत नाही. हे जीवाणू कोणाचे रक्षण करण्यासाठी नेमलेले नाहीत. ते वहिवाटदार आहेत, जुन्या काळच्या कुळांसारखे: मालकिणीने जागा आणि दाणागोटा द्यावा, त्यांनी आम्लाच्या रूपाने खंड भरावा, आणि त्या आंबट जमिनीत दुसऱ्या कोणाचे पीक सहसा येऊ नये, इतकाच तो व्यवहार. पाळीच्या दिवसांत रक्तामुळे आम्लता उतरते, पुरुषाचे वीर्य अल्कधर्मी असल्याने शरीरसंबंधानंतरही काही काळ उतरते, प्रतिजैविकांच्या मात्रेने कुळेच हुसकली जातात, आणि पाळी कायमची गेल्यावर दाणागोटाच आटतो. अशा वेळी वहिवाट मोडते आणि गार्डनेरेला, प्रीव्होटेला, स्नीथिया इत्यादी नावांची, ज्यांतल्या बहुतेकांना प्राणवायूचे वावडे आहे अशी, निराळीच मंडळी ठाण मांडून बसतात. दह्याला तार येते ती अशीच.

या बिघाडाला इंग्रजी वैद्यकात आज बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. आपल्या भाषेत याच्यासाठी नेमका शब्द नाही, पण त्याच्या लक्षणासाठी मात्र पुष्कळ आहेत: वैद्यांचा श्वेतप्रदर, जुन्या घरांतली धुपणी, आणि सर्वत्र चालणारे 'अंगावरून पांढरं जातं'. यातले सगळेच पांढरे रोगाचे नसते. पाळीच्या मधल्या दिवसांत जाणारा स्वच्छ, चिकट, वास नसलेला स्राव हा निरोगीपणाचाच भाग होय. करडा, पातळ आणि माशासारखा वास येणारा स्राव मात्र वस्ती बदलल्याची खूण आहे. तथापि ही खूण प्रत्येकीत दिसतेच असे नाही, आणि दिसली तरी ती सांगितली जातेच असेही नाही.

ती किती सांगितली जात नाही, याचा हिशेब महाराष्ट्रातच मांडला गेला. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्या काळी ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन या तीन रकान्यांत संपत असे. सरकारी दप्तरात चौथा रकाना नव्हता. तपासलेल्या स्त्रियांपैकी शंभरात ब्याण्णव जणींना एक ना एक स्त्रीरोग होता, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ विकार निघाले, आणि त्यांतला निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता. तक्रार मात्र ५५ टक्के स्त्रियांनीच सांगितली होती. आणि यापूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी व उपचार झालेल्या शंभरात अवघ्या आठ. हे आकडे प्रसिद्ध झाल्यावर विकसनशील देशांतील स्त्री-आरोग्याच्या चर्चेची दिशा पालटली, ही गोष्ट महाराष्ट्राने जितक्या अभिमानाने सांगायला हवी तितकी सांगितलेली नाही. कदाचित अभिमान वाटावा असे त्या आकड्यांत काही नसल्यामुळे असेल.

आता विषाणूकडे वळू. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, व्यवहारात एचपीव्ही, हा चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्या मोठ्या गोतावळ्यातला. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. त्यांतले डझनभर घातक आणि त्यांतही १६ व १८ या क्रमांकांचे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण होतात. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने १९८३ व १९८४ मध्ये हे दोन प्रकार वेगळे काढले आणि २००८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, अस्तराला पडलेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरेतून तळच्या पेशींपर्यंत पोहोचतो आणि तेथे बिऱ्हाड करतो. संसर्ग होणे यात काही नवल नाही आणि लांच्छन तर मुळीच नाही. लैंगिक जीवन जगणाऱ्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधीतरी होतोच, आणि दहातल्या नऊ जणींच्या शरीरातून सुमारे दोन वर्षांत गुपचूप निघूनही जातो. उरलेल्या दहाव्या स्त्रीत तो मुक्काम लांबवतो. त्याची ई६ आणि ई७ ही दोन प्रथिने पेशीच्या बेसुमार वाढीवर लगाम ठेवणाऱ्या दोन जुन्या कारभाऱ्यांना बडतर्फ करतात, आणि मग दहा-वीस वर्षांच्या संथ गतीने पेशी बिघडत जाऊन कर्करोग होतो. म्हणून खरा प्रश्न विषाणू आला की नाही हा नसून तो किती दिवस राहिला हा आहे.

वस्तीचा आणि विषाणूचा संबंध येतो तो या ठिकाणी. जीवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याऐवजी त्यांची जनुकीय ओळखच वाचण्याची सोय झाली तेव्हा, २०११ साली, जॅक रावेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील ३९६ निरोगी स्त्रियांच्या योनीमार्गातील वस्त्यांची शिरगणती केली. त्यांना पाच प्रकारची गावे आढळली: चार गावांत लॅक्टोबॅसिलसच्या चार निरनिराळ्या जातींपैकी एकेकीची सत्ता होती, आणि पाचव्या गावात कोणाचीच सत्ता नसून मिश्र वस्ती होती. पुढे अमेरिकेतच ३२ स्त्रियांनी सोळा आठवडे, आठवड्यातून दोनदा, स्वतःचे नमुने घेतले, आणि त्यांच्या तपासणीत मिश्र वस्तीत एचपीव्ही अधिक रेंगाळतो व लॅक्टोबॅसिलसच्या विशिष्ट जातींच्या अंमलात तो लवकर निघून जातो असा कल दिसला. बत्तीस हा आकडा लहान आहे. परंतु निरनिराळ्या देशांतील पुढच्या अनेक पाहण्यांनी तोच कल दाखवला, आणि गर्भाशयमुखाच्या पेशींचा बिघाड जसजसा वाढत जातो तसतशी मिश्र वस्ती, विशेषतः स्नीथिया, अधिक आढळते असेही नोंदवले गेले.

हे कसे घडत असावे याची कैफियत बरीच समजण्याजोगी आहे. मिश्र वस्तीतले काही जीवाणू सियालिडेज नावाचे विकर सोडतात. त्याने अस्तरावरचा श्लेष्म, म्हणजे त्याचे नैसर्गिक ओले पांघरूण, विरघळते. अस्तर उघडे पडते, सूज येते, आणि ती वर्षानुवर्षे धुमसत राहिली की विषाणूला हवे असलेले अस्थिर वातावरण आयतेच तयार होते. लॅक्टोबॅसिलसच्या जातींतही सारख्या गुणाच्या सगळ्या नाहीत: क्रिस्पॅटस ही जात लॅक्टिक आम्लाचे दोन्ही आरसारूपी प्रकार बनवते, तर इनर्स एकच, आणि ही इनर्स अशी की जिचा मित्र म्हणून भरवसा धरावा तर ती बिघडलेल्या वस्तीतही तितक्याच निर्धास्तपणे नांदताना सापडते. दोन्ही राजवटींत पदावर राहणारे अंमलदार आपणही पाहिले आहेत.

परंतु येथे थोडे थांबले पाहिजे, कारण कल दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर आहे. बिघडलेल्या वस्तीमुळे विषाणू टिकतो, की टिकलेला विषाणूच वस्ती बिघडवतो? उलट्या दिशेचाही पुरावा आहे: एचपीव्हीची लागण झालेल्या पेशी काही संरक्षक प्रथिनांचे उत्पादन घटवतात आणि त्या प्रथिनांवरच लॅक्टोबॅसिलसचा थोडाफार चरितार्थ चालत असतो, म्हणजे विषाणू कुळांची रसद तोडतो. शिवाय रावेल यांच्या पाहणीतल्या स्त्रिया निरोगी होत्या आणि तरीही चौथाईहून अधिक जणींत मिश्र वस्ती होती. आफ्रिकी व हिस्पानी वंशाच्या स्त्रियांत तर तिचे प्रमाण शंभरात चाळीसच्या आसपास होते. एवढ्या बायकांना सरसकट रोगी ठरवणे हा शहाणपणा नव्हे. माझे मत असे की, या प्रकरणात मुख्य आरोपी विषाणूच. वस्तीवर फार तर साहाय्य केल्याचा आरोप ठेवता येईल, आणि तो पुराव्याने बळकट होत चालला असला तरी त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

वस्तीचे महत्त्व मात्र कमी लेखता येत नाही, हे दुसऱ्या एका विषाणूच्या उदाहरणाने कळते. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्ही टाळण्यासाठी टेनोफोव्हिर या औषधाचे मलम योनीमार्गात लावून पाहिले गेले होते. त्या स्त्रियांच्या नमुन्यांची २०१७ साली फेरतपासणी झाली तेव्हा, लॅक्टोबॅसिलसचा अंमल असलेल्या स्त्रियांत मलमाने संसर्ग ६१ टक्क्यांनी घटलेला आणि इतरांत केवळ १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. गार्डनेरेला ते औषधच खाऊन फस्त करत होती.

मग तार आलेल्या दह्यावर आजीने जो उपाय केला तो येथे करता येईल काय? करून पाहिला गेला आहे. इस्राएलमध्ये २०१९ साली वारंवार बिघाड होणाऱ्या पाच स्त्रियांना निरोगी स्त्रियांच्या स्रावाचे रोपण करण्यात आले आणि चौघींना दीर्घकाळ आराम पडला. काकूंकडून विरजण आणण्याचाच हा प्रकार. अमेरिकेत २२८ स्त्रियांवर झालेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रतिजैविकानंतर क्रिस्पॅटस जीवाणूंची भुकटी योनीमार्गात घातली असता बारा आठवड्यांत ३० टक्के जणींना बिघाड पुन्हा उलटला, नुसती बनावट भुकटी घेतलेल्यांत ४५ टक्के जणींना. फरक खरा आहे, पण थोडा आहे. त्याहून मोठा फरक २०२५ साली ऑस्ट्रेलियात दिसला, आणि तो नवऱ्यांना औषध देऊन: जोडीदारावरही उपचार केलेल्या स्त्रियांत बिघाड ३५ टक्के जणींना उलटला, एकट्या बाईवर उपचार झालेल्यांत ६३ टक्के जणींना. ज्या घरांत 'हिचं काहीतरी बायकांचं दुखणं आहे' म्हणून पुरुष ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसतो, त्या घरांत हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. दही भरपूर खाल्ल्याने ही वस्ती सुधारते, असे विरार लोकलच्या बायकांच्या डब्यात मोठ्या खात्रीने सांगितले जाते. दही खावे, ते उत्तम अन्न आहे, परंतु दह्यातले जीवाणू निराळ्या जातींचे, त्यांची वहिवाट दुधात, आणि या जमिनीत ते कुळ म्हणून रुजत नाहीत. दुसरे म्हणजे, आतून धुण्याच्या सुगंधी पाण्याच्या बाटल्या. योनीमार्ग स्वतःची स्वच्छता स्वतः राखतो. त्याला आतून धुणे म्हणजे पेरलेले शेत पाटाचे पाणी सोडून वाहवून देणे.

आणि आता विषाणूला वेळीच गाठण्याच्या प्रयत्नाकडे, म्हणजे बार्शीकडे. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावी १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवात, गावांचे ५२ गट पाडले आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची विभागणी केली. एका विभागात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात सौम्य ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्यात नेहमीची, म्हणजे जवळजवळ नसलेली, व्यवस्था. वसईच्या ख्रिस्ती घरांत मांसाला जो सिरका लावतात त्यातलेच हे आम्ल. गर्भाशयमुखावर लावून मिनिटभर थांबले की बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो आणि शिकवून तयार केलेल्या परिचारिकेलाही ओळखता येतो. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, जो निकाल प्रसिद्ध झाला त्याने जगभरच्या मार्गदर्शक नियमांना वळण दिले: आयुष्यात केवळ एकदा केलेल्या एचपीव्हीच्या चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चाचणीच्या विभागात सुमारे ३४ हजार स्त्रियांपैकी ३४ मृत्यू पावल्या, चौथ्या विभागात सुमारे साडेएकतीस हजारांपैकी ६४. या चौथ्या विभागाला तपासणीवाचून ठेवणे न्याय्य होते काय, असा प्रश्न पुढे परखडपणे विचारला गेला, आणि तो योग्यच होता. ज्ञानाची किंमत कोणी मोजली हे ज्ञान वापरणाऱ्याला ठाऊक असावे.

बार्शी आणि पुणे ही दोन गावे एचपीव्हीच्या लसीच्या इतिहासातही आहेत. देशात २००९ साली सुरू झालेल्या एका बहुकेंद्री प्रयोगात मुलींना लसीच्या दोन की तीन मात्रा द्याव्यात हे ठरवायचे होते; २०१० च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पावरून उठलेल्या वादळात, सरकारी हुकमाने सगळेच थांबले आणि हजारो मुलींच्या पदरात एकच मात्रा पडली. शास्त्रज्ञांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांच्या नोंदी २०२१ मध्ये बाहेर आल्या तेव्हा, १६ व १८ क्रमांकांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ती एक मात्राही जवळजवळ तितकेच संरक्षण देते असे दिसून आले. एक मात्रा पुरे, या आजच्या जागतिक शिफारशीमागे हा अर्धवट मोडलेला भारतीय प्रयोगही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लस २०२३ पासून मिळू लागली आहे.

तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या प्रत्येक स्त्रीची पाच वर्षांतून एकदा सिरक्याच्या आम्लाची ती तपासणी व्हावी, असे केंद्र सरकारचे २०१६ चे मार्गदर्शन आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगासाठी तपासणी कधीतरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत. वसई-विरारमध्ये हा लेख वाचणाऱ्या भगिनींनी, आणि त्यांच्यासाठी रजा काढू शकणाऱ्या पुरुषांनी, परळच्या टाटा इस्पितळाची गाडी पकडण्याची वेळ येण्याआधी आपल्या जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात जाऊन ही तपासणी कोणत्या वारी होते एवढे विचारून यावे.